बहिणाबाईंचा संशय

बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची मनावरची कविता आम्ही वर्गात शिकवतो ती बहुधा 'प्रतिमासौंदर्य' या सदराखाली. पिकात पुन्हा पुन्हा शिरणारे जनावर आणि अशा इतर उपमा फळ्यावर मांडल्या, की तास संपतो. मीही वर्षानुवर्षे हेच केले. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग देवानं काय उत्तर दिलं?" मी अलंकारांकडे वळलो.

प्रश्न कवितेच्या शेवटाविषयी होता. असे मन घडलेच कसे, असा जाब आसोद्याची ही निरक्षर शेतकरीण तिथे थेट देवाला विचारते. देवाला जागेपणी पडलेले हे स्वप्न तर नव्हे, अशी शंकाही घेते.

ही शंका भाबडी नाही. डेव्हिड ह्यूमचे धर्मविषयक संवाद त्याच्या मृत्यूनंतर, 1779 साली प्रसिद्ध झाले. (बहिणाबाईंचा संग्रहही मृत्यूनंतरच, 1952 साली आला.) त्यातला फायलो म्हणतो, की रचनेवरून कर्त्याचे अनुमान करायचे तर उणिवांवरूनही करावे, मग हे जग एखाद्या बालदेवतेचा पहिलाच ओबडधोबड प्रयत्न नसेल कशावरून? फायलो जगाकडे बोट दाखवतो, बहिणाबाई मनाकडे. मला त्यांचा प्रश्न अधिक अडचणीचा वाटतो. ज्या मनाने देव मानायचा, तेच इथे संशयित आहे.

म्हणून त्या नास्तिक ठरतात काय? मुळीच नाही. जाब विचारायलाही देव लागतोच. त्यांना ओढूनताणून बुद्धिवादी ठरवणे हे भोळ्या भक्तीचा शिक्का मारण्याइतकेच पोकळ आहे. खरे तर ह्यूमही बुद्धिवाद्यांच्या फारसा कामाचा नाही. विवेक विकारांच्या मागून चालतो, हे त्याचे मत. आणि तर्काने सारेच डळमळीत झाले, की मित्रांसोबतचे जेवण व सोंगट्यांचा डाव यांनीच तो सावरतो.

बहिणाबाई ओव्या रचत होत्या त्याच काळात आपल्याच खानदेशात, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात (स्थापना 1916), अज्ञानाची मीमांसा चालू होती. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांचा 'अज्ञान' हा इंग्रजी ग्रंथ 1933 सालचा. अद्वैताचे धाडस ह्यूमहून कमी नाही. शंकराचार्य प्रमाणांनाच नव्हे, शास्त्रांनाही अविद्येच्या प्रांतात बसवतात. पण तिथे संशयाला अखेर ब्रह्माचा विसावा आहे. बहिणाबाईंच्या कवितेत देव बोलतच नाही, आणि कविता तिथेच थांबते.

यंदा तो तास शेवटच्या कडव्यापासून सुरू करण्याचा विचार आहे. उपमा नंतर पाहू.