आम्ही मुंबईचे कॅनेडियन!

कॅन्टीनमध्ये बसून कुणालाही 'बी.ई. नंतर काय?' असं विचारा. चारातलं एक उत्तर ठरलेलं असतं – कॅनडा! कुणाचा मामा ब्रॅम्प्टनला असतो, कुणाची ताई वॉटर्लूला असते, आणि ज्याचं तिकडे कुणीच नसतं त्याने निदान आयेल्ट्सचा क्लास तरी लावलेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडा सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हापासून हा आवाज जरा खाली आलाय. पण बंद काही झालेला नाही.

मला मात्र एक वेगळाच प्रश्न पडतो. कॅनेडियन म्हणजे नक्की कोण हो? अमेरिकन म्हटलं की डोळ्यांसमोर काहीतरी येतं. ब्रिटिश म्हटलं की चहा आणि छत्री येते. कॅनेडियन म्हटलं की... बर्फ? मॅपलचं पान? अक्षयकुमार? (त्यानेही १५ ऑगस्ट २०२३ ला भारतीय नागरिकत्व परत मिळाल्याचं जाहीर केलं, म्हणजे तोही आधार गेला!)

गंमत म्हणजे हा प्रश्न खुद्द कॅनेडियन लोकांनाही पडतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सीबीसी रेडिओवर पीटर झोस्की नावाच्या निवेदकाने श्रोत्यांसाठी एक स्पर्धा ठेवली होती. 'ॲपल पायइतकं अमेरिकन' असं म्हणायची पद्धत आहे ना, तसं 'अमुकइतकं कॅनेडियन' हे वाक्य पूर्ण करायचं. लोकांनी काय काय पाठवलं असेल... पण बक्षीस मिळालेल्या उत्तराचा मराठीत अर्थ असा – 'परिस्थिती बघून जमेल तितकं कॅनेडियन!'

हे वाचलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कारण मी मुलुंडला राहते. रोज लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि माझी बेस्ट फ्रेंड बोरिवलीची. थोडक्यात, मी अस्सल उपनगरी आहे. आणि माझं ठाम मत आहे की आम्ही उपनगरवाले म्हणजे मुंबईचे कॅनेडियन आहोत!

आता नुसतं मत मांडून इंजिनीअरिंगमध्ये मार्क मिळत नाहीत, प्रूफ द्यावं लागतं. तर घ्या.

प्रूफ नंबर एक : शेजारी. कॅनेडियन माणसाची अर्धी ओळख म्हणजे 'आम्ही अमेरिकन नाही!' २००० साली तिथल्या एका बिअर कंपनीची जाहिरात तुफान गाजली होती. त्यात जो नावाचा एक साधा मुलगा स्टेजवर येतो आणि आपण काय काय नाही याची यादी देत सुटतो. मी लाकूडतोड्या नाही, मी बर्फाच्या घरात राहत नाही वगैरे. आमचंही तसंच. आम्ही 'टाउन'वाले नाही. बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेत आले, पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही फोर्टला निघाली की 'जरा मुंबईला जाऊन येतो' असंच म्हणतात. मग आम्ही आत्ता आहोत कुठे? ठाणेकरांच्या लेखी आम्ही मुंबईवाले आणि टाउनवाल्यांच्या लेखी आम्ही 'ठाण्याकडचे'. एक फरक मात्र आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या होती सुमारे ३१ लाख आणि उपनगर जिल्ह्याची जवळजवळ ९४ लाख. म्हणजे हा असा कॅनडा आहे जो आपल्या अमेरिकेच्या तिप्पट आहे आणि तरीही स्वतःला 'उप' म्हणवून घेतो! नम्रपणा म्हणतात तो हाच.

प्रूफ नंबर दोन : सरहद्द. नकाशात रेघ शोधत बसू नका, रिक्षा बघा. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन, त्यापुढे रिक्षाला बंदी. जिथे रिक्षा संपते तिथे आपला देश संपतो. उत्तरेच्या सरहद्दीवर दहिसर आणि मुलुंडचे नाके. तिथे तर अगदी कालपरवापर्यंत कारला टोल होता, तो १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ झाला. आणि इमिग्रेशन म्हणाल तर संध्याकाळी चर्चगेटहून सुटणारी विरार फास्ट आहेच. त्या गाडीत बोरिवलीवाल्याला व्हिसा मिळत नाही. चुकून चढलाच तर बोरिवलीला उतरायची परवानगी मिळत नाही!

प्रूफ नंबर तीन : वन्यप्राणी. त्यांच्या अंगणात अस्वल येतं, आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या येतो. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये आहे तरी काय, तर फक्त नॅशनल पार्क. आम्ही दोघी मैत्रिणी पक्षी असतो तर पंधरा मिनिटांत एकमेकींकडे पोचलो असतो. माणसं आहोत म्हणून दादरला जाऊन पूल चढतो आणि परत तितकंच उलटं येतो. जंगलाखालून बोगदे व्हायचे आहेत म्हणे. ते होईपर्यंत आमच्यातला सगळ्यात सोयीचा पासधारक बिबट्याच!

प्रूफ नंबर चार : सौजन्य. कॅनेडियन माणूस इतक्यांदा सॉरी म्हणतो की ऑन्टारिओ प्रांताला २००९ साली चक्क माफीचा कायदा करावा लागला. कुणी सॉरी म्हणालं म्हणून कोर्टात ते चूक कबूल केल्यासारखं धरता येणार नाही, असा तो कायदा. आता तुम्ही म्हणाल, लोकलमध्ये कुठे सॉरी ऐकलंस? बरोबर आहे, सॉरी नाहीच. पण 'कुठे उतरणार?' हा प्रश्न ऐकलाय ना? समोरची म्हणते 'भांडुप', आणि झालं, ती सीट तुमच्या नावावर. ना सही, ना शिक्का, ना ओटीपी. तीन जणींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा देणं हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? दसऱ्याला डबा सजवून आरती करणाऱ्या बायका मी बघितल्यात. रोज ज्याला शिव्या घालायच्या त्याचीच वर्षातून एकदा पूजा करायची, याला संस्कृती नाही तर काय म्हणायचं?

प्रूफ नंबर पाच, आणि इथे जरा गंभीर मामला आहे : भाषा. कॅनेडियन माणूस 'कलर'चं स्पेलिंग ब्रिटिशांसारखं करतो आणि 'टायर'चं अमेरिकनांसारखं. आम्ही पण असेच मधले. मी 'मी बोलली' असं म्हटलं की पुण्याच्या मावशीच्या कपाळावर आठी पडते. 'अगं, म्हणाले म्हण!' भाजीवाल्याशी हिंदी, सरांशी इंग्लिश, आजीशी मराठी, आणि स्वतःशी काय बोलतो ते आमचं आम्हालाच नक्की माहीत नाही. आजी 'एकोणऐंशी' म्हणाली की मी कॅल्क्युलेटरकडे बघते. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास सोडून मराठी बोललं की पाच रुपये दंड होता. तेव्हा मीही जमेल तितकीच मराठी... परिस्थिती बघून!

पुलंनी 'तुम्हाला कोण व्हायचंय? मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर?' असं विचारलं होतं. एमसीक्यूची सवय असलेल्या माझ्या डोक्यात लगेच आलं, चौथा ऑप्शन कुठाय? पुलंचं स्वतःचं लहानपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेलं. ती तेव्हा मुंबईच्या हद्दीतसुद्धा नव्हती. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात लाडक्या मुंबईकराला घडवलं उपनगराने, आणि ऑप्शनमध्ये आमचंच नाव नाही!

इथपर्यंत चेष्टा झाली. पण हा चौथा ऑप्शन नक्की कशाने भरायचा, हा प्रश्न खरा आहे. 'आम्ही टाउनवाले नाही, आम्ही पुणेरी नाही' यावर टाळ्या मिळतील, पण 'नाही, नाही' म्हणून कुणाची ओळख होत नाही.

माझी लॅब पार्टनर आणि मी दोन सेमिस्टर एका टेबलावर बसलो. प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन, व्हायवाची रडारड, सगळं हिंदीत. 'तेरा रीडिंग आया क्या?' एक दिवस तिला घरून फोन आला आणि ती म्हणाली, 'हो गं आई, खाल्ला डबा, भेंडी मस्त झाली होती.' मी बघतच राहिले. ती पण डोंबिवलीची मराठी मुलगी आणि मी पण मराठी. दोघींनी एकमेकींना आधी विचारलंच नाही, कारण समोरच्याला येत नसेल असं आपण धरूनच चालतो. आपल्या कॉलेजच्या लिफ्टमध्ये रोज हेच चालतं. पाच जणांपैकी पाचही जण घरी वरणभात खाणारे आणि लिफ्टमध्ये राष्ट्रीय एकात्मता!

हाच पेच कॅनडात क्वेबेक प्रांतातही आहे. तिथली भाषा फ्रेंच आणि भोवती सगळा इंग्लिशचा समुद्र. १९७७ साली त्यांनी फ्रेंचसाठी कडक कायदा केला. तरी माँट्रिऑलचे दुकानदार गिऱ्हाइकाला 'बाँझूर-हाय!' असं जोडनमस्कार घालतात, म्हणजे तुम्हाला जी हवी ती भाषा उचला. २०१७ साली तिथल्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी नुसतं 'बाँझूर' म्हणावं. जगभर या ठरावाची चेष्टा झाली. मला मात्र त्यात एक पकडण्यासारखी गोष्ट दिसते. भांडण पहिल्या शब्दाचं आहे! पुढचं संभाषण कुठल्याही भाषेत होऊ दे, दार कुठल्या भाषेत उघडलं हे महत्त्वाचं.

आपल्याकडेही सरकारी पातळीवर बरंच झालंय. दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये कडक झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. पाटी लागली, दर्जा मिळाला. आता लिफ्टमध्ये कोण बोलणार? ते काम ना कोर्टाचं, ना सरकारचं. आणि कुणाच्या कानाखाली वाजवून तर ते मुळीच होणार नाही. मारून शिकवलेली भाषा परीक्षेपुरती राहते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

जाता जाता कॅनडाची एक गोष्ट, खास आपल्या जमातीसाठी. तिथे इंजिनीअर झालेली मुलं काम करायच्या हाताच्या करंगळीत एक साधी लोखंडी अंगठी घालतात. १९०७ साली क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले. त्या पुलाच्या लोखंडाची अंगठी असते अशी दंतकथा आहे. ती खरी नाही, पण तिच्यामागची भावना खरी आहे. हा शपथविधी १९२५ मध्ये सुरू झाला आणि त्याचा मजकूर लिहिला रुडयार्ड किपलिंगने, जो १८६५ साली आपल्या मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला! (टाउनवाला होता, पण असो.) ती अंगठी करंगळीतच का? तर लिहिताना, ड्रॉइंग काढताना ती कागदाला घासावी आणि दर वेळी आठवण व्हावी, की आपण कोण आहोत आणि आपल्या हातात काय आहे.

मला वाटतं ओळख ही अशीच असते. झेंड्यात आणि भाषणात ती वर्षातून दोनदा दिसते. करंगळीत मात्र ती रोज टोचते.

मग आपली अंगठी कोणती? माझं म्हणणं एवढंच की पहिलं वाक्य मराठीत. कॅन्टीनच्या काउंटरवर, लिफ्टमध्ये, व्हायवाच्या रांगेत नव्या माणसाशी बोलताना पहिलं वाक्य मराठीत. समोरच्याला नाही आलं तर हसून हिंदीवर या, इंग्लिशवर या, कुणाचं काही बिघडत नाही. 'म्हणाले' की 'बोलली' याची चिंता नको, मावशी पुण्यात आहे! बारा चुकांची मराठीसुद्धा कपाटात ठेवलेल्या शुद्ध मराठीपेक्षा बरी. आणि जे खरोखरच कॅनडाला जाणार आहेत त्यांनी तर आत्तापासूनच प्रॅक्टिस करा. तिकडे टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, तिथे गणपतीत भेटण्याआधी इथे लिफ्टमध्ये भेटू या की!

परिस्थिती काही आपल्या हातात नाही. पण 'जमेल तितकं' या शब्दात किती मावतं ते आपणच ठरवायचं असतं.

बघा, पटतंय का. आणि कुणाला राग आला असेल तर... सॉरी! (ऑन्टारिओच्या कायद्याप्रमाणे याचा अर्थ माझी चूक झाली असा धरता येणार नाही.)

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स