टक्क्यांना टक्केच राहू द्या!

बारावीनंतर थेट अमेरिकेत जायचं ठरवलेल्या अनेकांची गाडी अर्जातल्या एका रकान्यापाशी अडते : जीपीए. आपल्याकडे टक्के, तिकडे चारपैकी गुण. मग कुणीतरी सल्ला देतं, टक्क्यांना २५ ने भाग! आपले ७५ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन, घरी पेढे. भागल्यावर उरतात ३, म्हणजे तिकडची साधी 'बी' ग्रेड. उलट कुणी आकडा फुगवूनही देतं.

दोन्ही नको. शाळा जीपीए देत नसेल तर 'कॉमन अ‍ॅप'मध्ये तसं सांगायची सोय आहे. गुणपत्रिकेत आहे तेच लिहा. अर्ज आणि गुणपत्रिका जुळली नाही, तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो.

खरी गोची पुढेच आहे. तिकडे नववी ते बारावी, चारही वर्षांचा हिशेब लागतो. आपली नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात. म्हणजे दोन ऑफिसांच्या चकरा. त्यापेक्षा कॉलेजांनीच एक पान छापून द्यावं : आमच्याकडे डिस्टिंक्शन कितीला, तिथवर किती मुलं पोचतात. आपल्या टक्क्यांची किंमत भागाकाराने नाही, या एका पानाने कळेल. ते हक्काने मागा.