बोधचिन्हापायी अपडेट बंद

गिरगाव ते परळ पट्ट्यातल्या ट्रस्ट, वाचनालयं आणि पतपेढ्यांना वेबसाइट करून देणाऱ्यांची एक जमात आहे. कार्यकारिणीला लॉगिनच्या पानावर वर्डप्रेसचा 'डब्ल्यू' नको असतो, संस्थेचं बोधचिन्ह हवं असतं. मागणी रास्तच. पण हे महाशय थेट 'डब्ल्यूपी-लॉगिन.पीएचपी' उघडून त्यात खाडाखोड करतात. चाळीत मोरी वाढवायला खांब तोडणारा भाडेकरू आणि हे, एकाच माळेचे मणी.

ती फाइल वर्डप्रेसची. पुढच्या अपडेटला ती नवी येते आणि बोधचिन्ह गायब होतं. सचिवांचा फोन खणखणतो. यावर यांचा रामबाण उपाय काय, तर अपडेटच बंद! सुरक्षेची छोटी अपडेट्स ऑक्टोबर २०१३ पासून, म्हणजे ३.७ आवृत्तीपासून, आपोआप बसतात. ती सोय हे एका ओळीत मारून टाकतात. २०१७च्या फेब्रुवारीत ४.७ आणि ४.७.१ मधल्या भोकातून जगभरात लाखो पानं विद्रूप झाली. दुरुस्तीची ४.७.२ आवृत्ती २६ जानेवारीलाच आली होती. बळी गेले ते ती न बसवणारे.

आणि हे सगळं कशासाठी? वर्डप्रेसने नेमक्या याच कामाला हुक दिलेत. एका फाइलचं प्लगइन लिहा, 'लॉगिन_एन्क्यू_स्क्रिप्ट्स'ला आपलं फंक्शन अडकवा, त्यातून चार ओळींचं सीएसएस सोडा. बोधचिन्ह बदललं. त्यावर क्लिक केल्यावर वर्डप्रेसची साइट उघडते, ती 'लॉगिन_हेडरयूआरएल' या फिल्टरने आपल्याकडे वळवा. थीममध्येही हे कोंबू नका, थीम बदलली की तेही गेलं.

दादरच्या एका संस्थेने मला त्यांचं नवं पान कौतुकाने दाखवलं. बोधचिन्ह झकास, मागे शिवाजी पार्कचा फोटो. त्यांच्यासमोरच मी 'ॲडमिन' नावाने मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकला. पानाने इमानेइतबारे सांगितलं, या नावाचा पासवर्ड चुकला. म्हणजे नाव बरोबर! चोराचं निम्मं काम घरच्यांनीच केलं. 'लॉगिन_एरर्स'वर एक फिल्टर लावला की पान नुसतं 'माहिती चुकीची' एवढंच म्हणतं. एवढ्याने कोणी अभेद्य होत नाही, मान्य. पण फोटोला वेळ मिळाला, याला नाही.

बिलात या कामाचं नाव 'कस्टम लॉगिन पॅनल'. वार्षिक देखभालीचे पैसे वेगळे. देखभाल कसली, तर अपडेट येऊ न देण्याची.