विद्यापीठाचे दार आणि कर भरणारा वाचक

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मान्यता दिली, तेव्हा सुशिक्षितांनी तिचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था! मोजक्या संपन्न संस्थांनाच परवडणारे साहित्य आडगावच्या सरकारी महाविद्यालयापर्यंत पोहोचविण्याचा हा उद्योग आहे. एवढे श्रेय मोकळ्या मनाने द्यावयास हवे.

परंतु ही पंगत मांडली आहे कोणासाठी? त्या संस्थांतील विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी. इतरांनी शिधा तेवढा पुरवावयाचा!

बदली होऊन कटकला आलेल्या एखाद्या मराठी अधिकाऱ्याची कल्पना करावी. ओडिशावर १७५१ ते १८०३ या काळात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या अमदानीतील महसुलाविषयी काही वाचावे, जमल्यास दोन शब्द लिहावेत, अशी इच्छा त्याला झाली. दिल्लीहून १९६३ पासून निघणारे आर्थिक व सामाजिक इतिहासाचे प्रसिद्ध इंग्रजी त्रैमासिक त्याने घरच्या संगणकावर उघडले, तर लेखाचा सारांश दिसतो आणि पुढे पैशांची मागणी येते. विषय आपल्या देशाचा, नियतकालिक आपल्या राजधानीतले, वर्गणी आपल्या तिजोरीतून दिलेली. आणि दाराबाहेर उभा कोण, तर ती तिजोरी भरणारा!

करारापुढे इलाज नाही, असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकालाही तेथील संगणकावर वाचू द्यावे, असे कलम परदेशांतील कित्येक विद्यापीठांच्या करारांत असते. ६,००० कोटींचे गिऱ्हाईक एवढी अट घालू शकत नसेल, तर घासाघीस करावयास बसले होते कोण? पुढील टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना प्रवेश देण्याचा विचार बोलून दाखविला गेला आहे. विचार उत्तम आहे. त्याची तारीख सांगावी.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. जे दार सताड उघडे आहे, त्यातून तरी आपण किती वेळा आत जातो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच्‌. डी. चे प्रबंध संगणकीय स्वरूपात देणे बंधनकारक केले. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात ते कोणासही विनामूल्य वाचता येतात. त्यांत मराठीतील प्रबंधही पुष्कळ आहेत. ‘परमुलखात मराठी वाचावयास मिळत नाही’ हे रडगाणे गाणाऱ्याने निदान ते चाळून मग गावे. अर्थात तेथेही एक खोडा आहेच. कित्येक मराठी प्रबंधांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी, नोंदविलेली आहेत. देवनागरीत शोध घेणाऱ्याच्या हाती त्यामुळे फारसे लागत नाही. ज्या विद्यापीठांत मराठीचा विभाग आहे, त्यांना आपल्या प्रबंधांची नावे आपल्याच लिपीत नोंदवून घेणे जड का जावे, हे कळत नाही.

महाराष्ट्राबाहेरील आपली मंडळे गणेशोत्सवाच्या परवानग्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवितात. त्यांनी एक अर्ज स्थानिक विद्यापीठाच्या ग्रंथपालांकडेही द्यावा: बाहेरच्या वाचकास ओळखपत्र पाहून, माफक शुल्क घेऊन, आठवड्यातून एक दिवस संगणकापाशी बसू द्यावे. नकार आला, तर तो लेखी मागावा आणि कराराचे कोणते कलम आड येते, तेही विचारावे.