एलिव्हेशन आणि सावली

घराचा स्लॅब पडला की छत्रपती संभाजीनगरात पुढचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो : एलिव्हेशनचे काय करायचे? मग आर्किटेक्टकडून थ्रीडी चित्र येते. चारकोल ग्रे रंगाची भिंत, त्यावर एसीपी शीटचा पट्टा, लेझर कटिंगचे गेट, दोन्ही अंगांना रॉयल पाम आणि मध्ये हिरवीगार लॉन. चित्रात नळाला रोज पाणी असते. प्रत्यक्षात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि जायकवाडीचा नाथसागर तुडुंब असला तरी नळ कधी येणार हे आपण कोणत्या वसाहतीत राहतो यावर ठरते. बीड बायपासच्या पलीकडे तर अनेक घरांचे वेळापत्रक टँकरवाल्याच्या हाती असते.

ही हौस नावे ठेवण्यासारखी नाही. कर्ज काढून बांधलेले घर चारचौघांत उठून दिसावे असे वाटणारच. विकायची वेळ आली तर दर्शनी भागाला चार पैसे जास्त मिळतात, आणि नीटनेटक्या घरांच्या गल्लीत कचराही जरा कमी पडतो. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 च्या महिला गटाची, म्हणजे डब्ल्यू-20 ची, बैठक इथे झाली तेव्हा खुद्द शहरानेच पाहुण्यांसाठी तोंड धुतले होते. भिंती रंगल्या, दुभाजक फुलले. तेव्हा नागरिकांना साधेपणाचे धडे देण्याचा अधिकार निदान शासकीय यंत्रणेला तरी नाही.

मात्र घराने रस्त्याकडे सजून पाहावे ही इथली जुनी रीत नव्हे. जुन्या शहरातले वाडे आणि हवेल्या गल्लीला सपाट भिंत आणि एक भक्कम दरवाजा दाखवत. झाड, आड, गारवा सगळे आत, चौकात. मलिक अंबरच्या नहरींचे पाणी पिऊन वाढलेल्या शहराला पाणी आणि सावली यांचा हिशेब पक्का ठाऊक होता. घरापुढे मोकळी जागा सोडण्याची सवय सर्वसामान्यांना लागली ती मुख्यतः सिडकोच्या वसाहतींनी, म्हणजे 1970 च्या दशकानंतर. त्या जागेत आधी तुळस आणि पेरू आले, मग स्कूटर आली, मग चारचाकी. आता तिथे बहुधा पेव्हिंग ब्लॉक असतात.

लॉनचा हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागते. वीस चौरस मीटरचा तुकडा म्हणजे शंभर ते सव्वाशे लिटर. शहरी माणसाला दिवसाकाठी 135 लिटर पाणी मिळावे असे सरकारी मानक आहे. थोडक्यात, घरात आणखी एक माणूस पोसायचा, आणि त्याने सावली काही द्यायची नाही. सांडपाण्यावर लॉन जगवू, असे काही जण म्हणतात. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी जरूर वापरावे. आरओमधून वाया जाणारे पाणी मात्र क्षारांनी जड असते. तेच रोज एका जागी ओतले तर माती खारावते.

पामची बाजू ऐकून घेतली पाहिजे. पालापाचोळा कमी, मुळे फारशी उपद्रवी नाहीत, खोड सरळ. अरुंद जागेत हे गुण लहान नव्हेत. पण दुपारी तीन वाजता त्याची सावली विजेच्या खांबाएवढीच पडते. झटपट हिरवी भिंत हवी म्हणून लोक कोनोकार्पसकडे वळतात. त्याच्या परागकणांच्या आणि मुळांच्या तक्रारींवरून गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढे लक्षात असू द्यावे.

देशी झाड लावा म्हटले की विषय संपतो असेही नाही. बहावा अस्सल इथला, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्यासारखे देखणे झाड नाही. पण नेमक्या त्याच दिवसांत त्याच्यावर पिवळे घोस जास्त आणि पाने कमी असतात. परदेशी गुलमोहराचेही तेच, शिवाय वळवाच्या वादळात त्याची फांदी आधी मोडते. कडुलिंब दिसायला अगदी साधा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि ऊन तापायच्या आत नवी पालवी घेऊन उभा राहतो. नर्सरीत त्याचे रोप स्वस्त मिळते, कदाचित म्हणूनच थ्रीडी चित्रात त्याला जागा मिळत नाही.

जागा कुठली, हा प्रश्न जातीइतकाच महत्त्वाचा. हे शहर सुमारे वीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यानंतर भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि मावळतो वायव्येकडे. घर भाजते ते छपरातून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. त्या भिंतीला चारकोल ग्रे रंग देऊन आत एसी लावणे हा आमच्या मते पैसे दोनदा खर्च करण्याचा प्रकार आहे. तिथे फिका रंग द्यावा, आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर तारेची जाळी उभारून मधुमालती चढवावी. वीस बाय तीसच्या प्लॉटलाही हे परवडते. वड, पिंपळ, फायकस कंपाउंडला खेटून नकोत. काळ्या मातीवरचे घर आधीच पावसाळ्या-उन्हाळ्यात हलते, त्यात मुळांची भर कशाला?

नवा पेच सोलारचा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे छतोछती पॅनल दिसू लागले आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. त्या बाजूचे उंच झाड पॅनलवर सावली टाकते आणि घरमालक कुऱ्हाडीकडे पाहू लागतो. उत्तरेला किंवा वायव्येला मोठे झाड आणि दक्षिणेला पारिजातक, तगर, लिंबू अशी बुटकी मंडळी ठेवली तर दोन्ही साधते. मात्र प्लॉटचे तोंडच दक्षिणेला असेल तर काहीतरी सोडावे लागते, आणि तिथे पॅनल निवडणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही.

कायद्याचेही दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. 1975 च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हा कायदा नसता तर कित्येक जुनी झाडे केव्हाच चुलीत गेली असती. पण त्याच्याच धास्तीने लोक म्हणतात, ‘कशाला लावायचे? उद्या फांदी तारेला लागली तर चकरा कोण मारणार?’ आणि कुंड्या आणतात. तोडीवर कडक आणि छाटणीला तत्पर असे धोरण महापालिकेने ठेवले, मे महिन्याआधी वॉर्डनिहाय छाटणीचे दिवस जाहीर केले, तर ही भीती बरीच कमी होईल.

उरतो कंपाउंडबाहेरचा पट्टा. अनेकांनी तिथे जाळी ठोकून खासगी बाग केली आहे. झाडे जगली ती त्यांच्याच पाण्यावर, हे खरे. आणि पायी चालणारा रस्त्यावर ढकलला गेला, हेही खरे. 2025 च्या रस्ता रुंदीकरणाच्या मोहिमेनंतर असे पट्टे पुन्हा चर्चेत येणार. आमचे म्हणणे असे की जाळी, ओटा आणि क्रोटनच्या रांगा काढाव्यात, झाड ठेवावे आणि त्याच्या खोडाभोवती मीटरभर माती उघडी सोडावी. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये नेमके एवढेच अंतर सांगितले होते. आपल्याकडे ब्लॉक बसवणारा ठेकेदार अजूनही खोडापर्यंत सिमेंट नेतो, आणि त्याच्या बिलातून ते कापले जात नाही.