सत्कार आधी, सामना मागाहून

देशी खेळांवर प्रेम करणाऱ्या माणसाला क्रिकेटचा द्वेष असतो, अशी एक समजूत आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मला क्रिकेटचा मुळीच राग येत नाही. राग येतो तो आमचाच. म्हणजे कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि मल्लखांब यांचे अभिमानी म्हणून मिरविणाऱ्या आम्हा मंडळींचा. हा राग बरीच वर्षे मनात होता. तो कागदावर उतरविण्यास गेल्या वर्षीची एक संध्याकाळ कारण झाली.

गेल्या गणेशोत्सवात येथील एका मराठी मंडळाने ‘देशी खेळांची संध्याकाळ’ ठरविली. मंडळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जेथे चाळीस-पन्नास मराठी बिऱ्हाडे आहेत त्या प्रत्येक गावी असे एक मंडळ असते, आणि बदलीच्या गावी आलेल्या आपणा सर्वांना त्याचा आधारही वाटतो. व्यवस्था समितीत मी होतो. दिवसभर टिपणे आणि मसुदे लिहिणारा माणूस म्हणून प्रास्ताविक भाषण लिहिण्याचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले. कार्यक्रमपत्रिकेवर तीन गोष्टी होत्या : मुलींचा खो-खो, कबड्डीचा सामना आणि मल्लखांबाची प्रात्यक्षिके. वेळ सायंकाळी साडेचार. खो-खोच्या संघात माझी अकरा वर्षांची मुलगी होती. तीन आठवडे ती क्वार्टर्समागच्या मोकळ्या जागेत मैत्रिणींना विटांवर बसवून ‘खो’ देण्याचा सराव करीत होती. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या बनारसी सहकाऱ्यालाही मी आग्रहाने बोलाविले होते. हा गृहस्थ लहानपणापासून आखाड्यात जोडी फिरविलेला. नागपंचमीच्या दिवशी तो रजा टाकतो, ती आखाड्यातले जोडी-गदेचे खेळ पाहण्यासाठी. खेळ कशाशी खातात हे त्याला कळते.

प्रमुख पाहुणे पावणेसहाला आले. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, शाल आणि श्रीफळ देऊन अकरा जणांचा सत्कार झाला. त्या अकरांत खेळाडू एकही नव्हता. मग पाहुण्यांनी भाषण केले. गंजारी येथे २३ सप्टेंबर २०२३ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या क्रिकेटच्या मैदानाचे वर्णन करण्यात त्यांची वीस मिनिटे गेली. तेथील दिव्यांचे खांब त्रिशूळाच्या आकाराचे, हे त्यांनी दोनदा सांगितले. त्यानंतर आमच्या चिटणीसांनी माझे प्रास्ताविक वाचले. भाद्रपदातला दिवस तो, अंधार झाला. मल्लखांबाची चार मुले लंगोट कसून दीड तास उभी होती. खांबाला चोपडलेल्या एरंडेलावर धूळ बसली. कबड्डी रोषणाईच्या दिव्यांखाली एकाच डावात उरकली. खो-खो रद्द झाला. माझा सहकारी अगदी सौजन्याने, हलक्या आवाजात तीन वेळा मला विचारून गेला, “खेल कब होई, गुरू?” तिसऱ्या वेळेस मी उत्तर दिले नाही.

घरी येताना मुलीने विचारले, “बाबा, अभिमन्यू कबड्डी खेळायचा हे कोणी लिहिले आहे?”

ते मीच लिहिले होते. चक्रव्यूहात शिरलेला अभिमन्यू हा पहिला चढाईपटू, हे वाक्य आपल्या सभांतून इतक्यांदा ऐकले होते की लेखणी अडखळली नाही. महाभारतात कबड्डीचे नाव नाही. शिवाय हा दाखला घेणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की अभिमन्यू परत आला नाही. कबड्डीच्या भाषेत तो बाद झाला. आपल्या खेळाच्या गौरवासाठी पकडला गेलेला चढाईपटू निवडावा, यात आमच्या अभ्यासाची खोली दिसते.

मल्लखांबाची कथा अशीच, आणि काशीत तर ती अधिकच रंगवून सांगितली जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर, निजामाकडून आलेले अली आणि गुलाब हे पहिलवान, वणीच्या सप्तशृंगीवर झालेला मारुतीचा दृष्टांत, हे सर्व आपण तोंडपाठ म्हणतो. त्यांच्या शिष्यपरंपरेची एक शाखा काशीत आली हेही अभिमानाने सांगतो. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या आसपास मराठी घराणी पेशवाईपासून नांदत आली, तेव्हा तो अभिमान अस्थानी नाही. राणी लक्ष्मीबाईंचा जन्म याच नगरीतला. त्यांनी मल्लखांबाची तालीम घेतली होती असे सांगितल्यावाचून आमचे एकही भाषण संपत नाही. पण गेल्या वर्षी मल्लखांबाच्या प्रात्यक्षिकांत दोन मुलींना घ्यावे असे मी सुचविताच समितीतील एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “मुलींनी कशाला? बरे दिसेल का?” लक्ष्मीबाईंचे नाव त्याच बैठकीत अर्ध्या तासापूर्वी घेतले गेले होते. या खेळासाठी २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळविणारी हिमानी परब ही मुंबईची मुलगीच आहे, हे सांगून मी गप्प बसलो. सभेने माझे म्हणणे ऐकून घेतले, एवढेच इतिवृत्तात आले.

इतिहासच हवा असेल तर तोही कष्ट करून वाचावा लागतो. द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्यास बसून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. तुमच्या-आमच्यासारखाच महाराष्ट्राबाहेर राहणारा हा मराठी माणूस. बनारसच्या आखाड्यांतील पहिलवानांचा दिनक्रम, आहार, गुरुशिष्यसंबंध यांवर जोसेफ ऑल्टर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. मंडळाच्या कपाटात दोहोंपैकी एकही नाही. सत्काराच्या शाली मात्र पुढील वर्षापुरत्या शिल्लक आहेत.

आमचा खरा आवडता खेळ सत्कार हाच होय, असे मला आता वाटू लागले आहे. मी कऱ्हाड तालुक्यातला. गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे आमच्याकडे घरातले नाव. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे मी लहानपणी आजोबांकडून शंभर वेळा ऐकले असेन. पण हेलसिंकीस जाण्याचे पैसे लोकांच्या दारोदार फिरून गोळा करावे लागले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले, हा भाग मला पुढे वाचून कळला. आजोबांच्या गोष्टीत बैलगाड्याच होत्या. जाताना एक गाडी नाही आणि येताना १५१! खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला, आणि दिल्लीच्या कुस्ती-संकुलास त्यांचे नाव मिळावयास २०१० साल उजाडले. सरकारला याबद्दल दोष देणे सोपे आहे, आणि सरकारी नोकर असूनही मी तो देतो. पण मिरवणुकीच्या खर्चातून पुढल्या मुलासाठी तालमीची माती बदलावी असे गावाला तरी कोठे सुचले?

दुसरी लाजेची गोष्ट नियमांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. शेवटची मिनिटे, गुण २८-२८. भारताचा चढाईपटू कोणासही न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे तेथे शिरले. आता बाद कोण, चढाईपटू एकटा की तेही, यावर पंचांचे, अधिकाऱ्यांचे, दोन्ही संघांचे एकमत होईना. जुना नियम एक सांगत होता, नवा दुसरे. सुमारे तासभर खेळ थांबला. खेळाडू मैदानावर ठाण मांडून बसले. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. आम्ही पेढे वाटले. मला पेढा गिळवेना. ज्या खेळाचे नियम पुणे-साताऱ्याकडच्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी लेखी बांधावयास घेतले, त्याच्या अंतिम सामन्यात नियम कोणता लागू हे कोणास ठाऊक नसावे, आणि ते साऱ्या आशियाने पाहावे! पराभव परवडला असता.

पराभवावरून आठवले. २०१८ मध्ये जकार्त्याला पुरुषांचा संघ उपांत्य सामन्यात आणि महिलांचा अंतिम सामन्यात हरला. दोन्ही वेळा इराणकडून. १९९० पासूनचे पुरुषांचे सुवर्ण प्रथमच गेले. आमच्याकडे त्या आठवड्यात जे बोलले गेले ते ऐकण्याजोगे नव्हते. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या, हे कळल्यावर तर काही जणांनी त्यांना घरभेदी ठरविले. वस्तुतः मराठी बाईने परक्या देशात जाऊन तेथील मुलींना आपला खेळ शिकविला आणि त्या जिंकल्या, यापरता कबड्डीचा विजय कोणता? ‘आमचा खेळ जगभर जावा’ असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून म्हणतो. तो गेला की आपल्याला राग येतो. त्याच महिन्यात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने राष्ट्रीय महासंघातील नेमणुका रद्दबातल ठरवून कारभार प्रशासकाकडे दिला, त्याविषयी मात्र आमच्यापैकी कोणी अवाक्षर काढले नाही.

कुस्तीविषयी थोडक्यात आटोपतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन ठिकाणी, पुण्याजवळ फुलगावला आणि धाराशिवला, दोन निराळ्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाल्या. केसरी दोन, गदा दोन, संघटनाही दोन. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयावरून एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यासह दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. त्या रात्री माझ्या बनारसी सहकाऱ्याने मला ती चित्रफीत पाठविली. खाली काही लिहिले नव्हते. लिहिले असते तर बरे झाले असते.

क्रिकेटला ‘गुलामगिरीचा खेळ’ म्हणून आपल्या मुलांना त्यापासून दूर ठेवू पाहणारेही काही आहेत. त्यांनी आयर्लंडचा इतिहास पाहावा. तेथे १८८४ साली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. इंग्रजी खेळांच्या लाटेत हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल बुडू नयेत हा तिचा हेतू. पुढे तिने असा नियम केला की सभासदाने परके खेळ खेळू नयेत, पाहूही नयेत. १९३८ साली देशाचे अध्यक्ष डग्लस हाइड एक आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना पाहावयास गेले. आयरिश भाषेसाठी जन्म वेचलेला हा माणूस त्या संस्थेचा आश्रयदाताही होता. संस्थेने त्याला त्या पदावरून काढले. आयरिश खेळांच्या चाहत्यांना ही गोष्ट आजही खाली मान घालावयास लावत असेल. तो नियम १९७१ मध्ये रद्द झाला. हर्लिंग मेले नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजार माणसांची सोय आहे आणि अंतिम सामन्याला ते मैदान भरते.

आमच्या खेळांना माणसे मिळत नाहीत, ही रड खरी नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या मंडळाच्या भ्रमणध्वनी-गटावर त्या दिवशी अभिनंदनाचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारले, अंतिम सामना कोणाशी झाला? कोणाला सांगता आले नाही. दोन्ही सामने नेपाळशी झाले होते. माझ्या मुलीला गुणांसह पाठ होते.

यंदाच्या उत्सवाच्या तयारीची पहिली बैठक परवा झाली. मी लेखी टीप दिली : खो-खो साडेचारला सुरू करावा, पाहुणे आलेले असोत वा नसोत, सत्कार दिवे लागल्यावर, खेळ संपल्यानंतर व्हावेत, आणि त्यांत निदान चार खेळाडू असावेत, प्रास्ताविक पाच ओळींचे असावे व ते मी लिहू नये. शेवटच्या कलमास एकमताने मान्यता मिळाली. पहिल्याविषयी अध्यक्ष म्हणाले की पाहुण्यांशिवाय खेळ सुरू करणे हा त्यांचा अवमान होईल, तरी विचार करू. टीप सध्या त्यांच्याकडे आहे. मुलीने खो-खोच्या खांबांसाठी दोन बांबू पैदा करून जिन्याखाली ठेवले आहेत, आणि रोज कचेरीतून आल्यावर ती मला विचारते की साडेचार म्हणजे साडेचारच ना.