विश्लेषण : आई आंघोळ स्वतः करते का? वृद्धांच्या काळजीतला न विचारला जाणारा प्रश्न

घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाची तब्येत कशी आहे, असे कुणी विचारले की आपण आकडे सांगतो. शुगर इतकी, बीपी इतके, क्रिएटिनिन जरा वाढले आहे. फाईल घेऊन डॉक्टरांकडे जातो, गोळ्या बदलून येतो. आई आंघोळ स्वतः करते का, रात्री संडासला जाताना भिंतीचा आधार घेते का, साडी सोडून गाऊनवर का आली, हे त्या फाईलमध्ये कुठेच नसते. तिचा आणि तिच्याबरोबर घरातल्या आणखी एका माणसाचा दिवस कसा जाणार, हे मात्र याच गोष्टींवर ठरते. वृद्धांच्या काळजीबद्दल आपल्याकडे भावनेने भरपूर बोलले जाते. ती काळजी म्हणजे नेमकी कोणती कामे, ती किती वेळा आणि कोण करते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. घरातही नाही आणि सरकारी योजनांतही नाही.

या सहा क्रिया कोणत्या?

वैद्यकशास्त्रात त्यांना ‘दैनंदिन जीवनातील क्रिया’ म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांची निरीक्षणे करताना एक सूची तयार केली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. आंघोळ करणे, कपडे घालणे, संडासला जाऊन येणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे, अशा या सहा क्रिया. जमत असेल तर एक गुण, नसेल तर शून्य. पाठ चोळून द्यायला कुणी लागले, तर तेवढ्याने आंघोळीचा गुण जात नाही. पण कुणाला शेजारी उभे राहून लक्ष ठेवावे लागत असेल, तर मात्र ते परावलंबन धरले जाते.

कॅट्झ यांच्या लक्षात आलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे या क्रिया साधारण ठरावीक क्रमाने हातातून जातात. आंघोळ आधी जाते, जेवण सर्वांत शेवटी. लहान मूल ज्या क्रमाने शिकते, त्याच्या बरोबर उलट. म्हणून ‘अण्णा अजून आपल्या हाताने जेवतात हो’ या वाक्याने फार निश्चिंत होऊ नये. ती यादीतली शेवटची ओळ आहे. लक्ष ठेवायचे ते आंघोळीवर. आठवड्यातून दोनदा आंघोळ टाळली जाऊ लागली की घरचे त्याला आळस म्हणतात, चिडतात. बऱ्याचदा ती पडण्याची भीती असते आणि ती बोलून दाखवायची लाज वाटत असते.

याच्या वरच्या पायरीवर आणखी आठ कामे आहेत. फोन वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, वेळेवर औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये ही यादी दिली. तिची एक गंमत आहे. मूळ पद्धतीत स्त्रियांना आठही कामांवर गुण दिले जात आणि पुरुषांना पाचच. स्वयंपाक, घरकाम आणि धुणे त्यांच्या खात्यातून वगळलेले! आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही हाच हिशेब चालतो. आजोबांना चहा करता येत नाही, हे परावलंबन कुणी धरत नाही. आजी पडल्या की ते एका दिवसात उघडे पडते.

आपल्या घरांत हे मोजताना काय वेगळे?

इथे मुद्दा गुडघ्यांइतकाच घराचा आहे. आपली आंघोळ मोरीत बादली-तांब्याने, बऱ्याच घरांत अजून पाटावर बसून. संडास भारतीय पद्धतीचा. चाळीत तो गॅलरीच्या टोकाला, वस्तीत रांग लावून जाण्याचा, खेड्यात कधी अंगण ओलांडून. ज्या बाईला उकिडवे बसून उठता येत नाही, ती या घरात परावलंबी ठरते. तीच बाई कमोड असलेल्या घरात कुणाच्याही मदतीशिवाय राहते. म्हणजे गुण शरीराचा गेला की बाथरूमचा, हे आधी पाहायला हवे.

हे बदल फार खर्चिक नसतात, पण ते विचार करून करावे लागतात. बाथरूममधली टॉवेलची दांडी ही धरायची दांडी नाही. पाय घसरला की माणूस हाताला येईल ते धरतो आणि दोन बारीक स्क्रूंवरची ती दांडी त्याच्यासकट खाली येते. भिंतीत पक्का बसवलेला आधार हवा. आंघोळीसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवतात, तिचे पाय ओल्या फरशीवर सरकतात. खाली रबरी बूट असलेले स्टूल हवे. पलंगावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकायला हवेत. जाड गादी घालून पलंग उंच केला की उठणे सोपे होते असे वाटते, पण पाय लोंबकळले तर उठताना तोल जातो. लुंगीऐवजी इलॅस्टिकची पँट, साडीऐवजी गाऊन, हेही यातच आले. हा शेवटचा बदल मात्र हुकमाने करू नये. पन्नास वर्षे साडी नेसलेल्या बाईला ‘आता गाऊनच घाला’ म्हणणे ही फक्त सोयीची गोष्ट नसते.

आणखी एक चूक प्रेमळ घरांत जास्त होते. कपडे घालायला आईंना वीस मिनिटे लागतात, सुनेला ऑफिस गाठायचे असते, म्हणून ती चार मिनिटांत घालून देते. रोज असे झाले की तीन महिन्यांत आईंची ती क्रिया खरोखरच जाते. वीस मिनिटे थांबायला वेळ लागतो आणि वेळ हीच या घरातली सर्वांत महाग वस्तू आहे.

किती जणांचा हा प्रश्न?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीच्या पुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते, महाराष्ट्रात १.१ कोटींच्या आसपास. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ हे मोठे सर्वेक्षण केले. त्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना दैनंदिन क्रियांपैकी किमान एक करताना अडचण होती. वरच्या पायरीवरच्या कामांत हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. चारातल्या एकाला ही अडचण, म्हणजे तितक्या घरांत रोज ती भरून काढणारे कुणीतरी हवे.

हे कुणीतरी कोण?

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याचे काम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. या कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात, पुरुष ७४. यात मुलांचा सांभाळही आहे. पण ज्या घरात रात्री दोनदा कुणाला उठवून संडासला न्यावे लागते, तिथली सावध झोप अशा कोणत्याच मिनिटांत बसत नाही. डिमेन्शिया असेल तर हात-पाय धड असूनही शेजारी सतत माणूस लागतो.

मुले बाहेरगावी असली की हे काम पत्नीकडे येते. ती स्वतः अडुसष्टची, मणक्याचा त्रास असलेली, आणि सत्तर किलोच्या नवऱ्याला काखेत हात घालून उचलणारी. उचलायची ही पद्धत दोघांनाही इजा करते. कडेला सरकवून, पाय टेकवून, पुढे झुकवून उठवायचे असते. फिजिओथेरपिस्ट हे अर्ध्या तासात शिकवू शकतो. पण डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधे आणि पुढची तारीख सांगितली जाते, हे राहून जाते. मुलगा सांभाळणारा असेल तर वेगळीच अडचण. आई मुलाकडून आंघोळ घालून घ्यायला तयार नसते, वडील मुलीकडून. ब्युरोतून माणूस ठेवावा तर पगाराचा मोठा तुकडा जातो. आलेल्या मावशींना प्रशिक्षण असतेच असे नाही आणि त्यांनाही त्यांच्या घरी कुणीतरी म्हातारे असते.

कायदा आणि योजना काय देतात?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. मुले ते देत नसतील तर न्यायाधिकरण दरमहा १० हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवू शकते. कायद्यातल्या ‘मुले’ या शब्दात मुलगा, मुलगी आणि नातवंडे येतात, सून येत नाही. काम करते ती, आणि कायद्याला ती ठाऊकच नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात तिची आठवण झाली, पण जबाबदारी टाकण्यापुरती. याच विधेयकात दैनंदिन क्रिया जमत नसलेल्या ज्येष्ठांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करण्याची चांगली तरतूद होती. ते मंजूर न होता लोकसभेबरोबर रद्द झाले. आसामने २०१७ मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार कापण्याचा कायदा केला. या सगळ्यांच्या डोळ्यासमोर सोडून जाणारा मुलगा आहे. घरात राहून सांभाळणारे कुणाला दिसत नाहीत.

राज्याच्या श्रावणबाळ योजनेत गरीब वृद्धांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३ हजार रुपये. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. खुब्याचे ऑपरेशन त्यात बसते. त्यानंतरचे सहा महिने घरी जे करावे लागते, ते बसत नाही.

सर्वांत खटकणारी गोष्ट आशाताईंच्या फॉर्मवर आहे. तीस वर्षांवरील सर्वांसाठी त्या जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी खास प्रश्न आहेत. खाणे, कपडे, आंघोळ, चालणे, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का, हा त्यातलाच एक. म्हणजे योग्य प्रश्न गावोगाव विचारला जातो आहे! उत्तर ‘हो’ आले तर पुढची सूचना काय? जवळच्या केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवा. ज्या बाईला संडासपर्यंत जाता येत नाही, तिने केंद्रापर्यंत जायचे.

मग काय करता येईल?

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन काळजीचा विमा आणला. दोन्हीकडे निकष आजाराचे नाव नसून माणसाला कशात किती मदत लागते हा आहे. जर्मनीत घरी सांभाळणाऱ्यासाठी रोख रक्कम घेता येते आणि त्याच्या पेन्शन खात्यातही भरणा होतो. जपानने रोख रक्कम देणे टाळले आणि घरी येणारा माणूस, डे-केअर अशा सेवा दिल्या. कारण तिथल्या स्त्री संघटनांचा आक्षेप होता की, पैसे दिले तर सुनेला घरात कायमचे बांधून ठेवायला आणखी एक कारण मिळेल. आपल्याला हा वाद परका वाटू नये. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना महिना ६०० रुपये देतात. रक्कम तुटपुंजी, तीही थकल्याच्या तक्रारी असतात. पण सांभाळणाऱ्या व्यक्तीची नोंद घेतली, एवढे तरी त्यात आहे.

महाराष्ट्राने यातून पैशांआधी तास उचलावेत, असे मला वाटते. फॉर्मवर ‘हो’ आलेल्या घरी ठरलेल्या दिवशी दोन तास प्रशिक्षित माणूस यावा. आंघोळ त्याने घालावी आणि तेवढ्यात घरच्या बाईने झोपावे, बँकेत जावे किंवा नुसते बाहेर जावे. काळजीला असे मोजमाप लावले की नात्याचे काय राहणार, असे लोक विचारतात. पाच वर्षे रोज डायपर बदलून थकलेली सून चिडून ओरडते, तेव्हा तिचे प्रेम आटलेले नसते. तिला एकही सुट्टी मिळालेली नसते.

तोवर घरी एक कागद घ्यावा. डाव्या बाजूला सहा क्रिया, मध्ये ‘स्वतः, लक्ष ठेवून, मदतीने’ यांपैकी एक, उजवीकडे मदत करणाऱ्याचे नाव आणि रात्री किती वेळा उठावे लागले तो आकडा. तारीख घालून दर तीन महिन्यांनी भरावा आणि फाईलमध्ये सगळ्यात वर लावावा. डॉक्टरांना गोळ्या ठरवतानाही तो उपयोगी पडेल, कारण अचानक एखादी क्रिया जाणे हे कधी जंतुसंसर्गाचे, तर कधी नव्या औषधाचे पहिले लक्षण असते. परगावच्या भावंडांना व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचाच फोटो पाठवावा. उजव्या रकान्यात सहाही वेळा एकच नाव आले असेल तर फोनवर समजावण्यापेक्षा तो पुरेसा होतो. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही निःशुल्क हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असते. योजनांची माहिती आणि सल्ला तिथे मिळतो. आंघोळ घालायला माणूस हवा असेल तर तो अजून आपला आपल्यालाच शोधावा लागतो.